रामपुरी चाकू आणि रामपूरचे नाव

रामपूर हे नाव मराठी माणसाच्या कानावर पहिल्यांदा पडते ते बहुधा चाकूमुळे. मुंबईच्या बोलीत 'रामपुरी' एवढाच शब्द पुरतो, पुढे 'चाकू' म्हणावे लागत नाही. वर्तमानपत्रातली गुन्ह्याची बातमी असो की हिंदी चित्रपटातला खलनायक, हा शब्द हमखास येतो. गावाने हत्याराला नाव दिले आणि हत्याराने गावाला अपकीर्ती दिली. या अपकीर्तीत त्या गावातल्या मुसलमान कारागिरांचा वाटा किती आणि इतरांचा किती, हे तपासून पाहावे असे आम्हाला वाटते.

१७७४ च्या रोहिला युद्धानंतर नवाब फैजुल्लाखान यांच्या वाट्याला हे छोटे संस्थान आले आणि १९४९ मध्ये ते भारतात विलीन झाले. तलवारीच्या जोरावर जगलेल्या रोहिल्या पठाणांच्या या राज्याने पुढे जतन केली ती पुस्तके आणि गाणे. फैजुल्लाखानांच्या ग्रंथसंग्रहातून उभे राहिलेले रजा ग्रंथालय अरबी, फारसी, संस्कृत आणि उर्दू हस्तलिखितांसाठी जगभर ओळखले जाते. १९७५ मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. याच दरबारात बीनकार वझीरखाँ होते. अल्लाउद्दीनखाँ त्यांचे शागीर्द, आणि जुन्या बंदिशींच्या शोधात आपले पंडित भातखंडेही रामपूरला पोचले होते. मौलाना शौकतअली आणि मौलाना मोहम्मदअली हे बंधू रामपूरचेच. मुंबईत खिलाफत चळवळ उभी राहिली तेव्हा हेच दोघे तिचा आवाज झाले, आणि भायखळ्याचे खिलाफत हाऊस आजही त्या दिवसांची साक्ष देते. इतके सारे असूनही मुंबईकराच्या ओठावर राहिला तो चाकू.

हा चाकू म्हणजे नेमके काय? पाते एकधारी आणि टोकदार, मुठीत मिटून बसणारे. मूठ बहुधा पितळेची, कधी लाकडाची वा शिंगाची, आणि तिच्यावर नक्षी. उघडण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. एका प्रकारात पात्याच्या बुडाशी दाते असतात. पाते उघडताना मुठीतली कमान एकेका दात्यावरून घसरते आणि कटकट असा आवाज होतो. याला तिकडे गरारीदार म्हणतात. दुसऱ्यात बटण दाबले की आत दाबून ठेवलेली स्प्रिंग पाते बाहेर फेकते. हा बटणदार, आपल्याकडचा खटक्याचा चाकू. अलीकडे परदेशी बनावटीचा तिसरा प्रकार आला आहे. त्यात पाते बोटाने थोडे ढकलावे लागते, उरलेले काम स्प्रिंग करते. कमानीचा ताण आणि पात्याचे पाणी यांचा मेळ घालायला कारागिराचा हात मुरलेला असावा लागतो. ताण जास्त झाला तर खटका अडतो, कमी झाला तर पाते मुठीत डुलते. हौशी संग्राहक चाकू आधी कानाजवळ धरून उघडतो तो यासाठीच.

या कसबाची दंतकथा केली ती मुंबईच्या चित्रपटांनी. १९६५ च्या 'वक्त' मध्ये राजकुमार समोरच्याच्या हातातला चाकू काढून घेतो आणि हे मुलांच्या खेळण्याचे काम नव्हे, असे त्याला थंडपणे सुनावतो. ते संवाद उर्दूचे मोठे शायर अख्तर-उल-ईमान यांचे. त्यांचा जन्मही रुहेलखंडातल्याच नजीबाबादचा. त्या प्रसंगात चाकू फेकून दिला जातो, पण प्रेक्षकांच्या मनात राहिला तो चाकूच. सत्तरीच्या दशकात खटक्याचा आवाज म्हणजे गुंडाचे आगमन हे समीकरण पक्के झाले, आणि पुढे त्या गुंडाच्या गळ्यात तावीज आणि डोळ्यांत सुरमाही आला. चाकू करणारा, चाकू चालवणारा आणि एक अख्खा समाज यांच्यातला फरक पडद्यावर पुसला गेला.

असे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत बटणाच्या चाकूने असाच गहजब उडवला होता. तिथेही चित्रपट आणि मासिके यांनी हा चाकू बिघडलेल्या पोरांची खूण ठरवला. १९५८ मध्ये अमेरिकेने त्याच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आणली आणि १९५९ मध्ये ब्रिटनने त्याची निर्मिती व विक्री गुन्हा ठरवली. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बोटाने ढकलून उघडायच्या चाकूला अमेरिकेने २००९ मध्ये त्या बंदीतून वगळले, तर ब्रिटनने २०१९ च्या कायद्याने अशा चाकूलाही व्याख्येत ओढले आणि तो घरात बाळगणेही गुन्हा केले. एकाच स्प्रिंगचे हे दोन अर्थ.

आपला शस्त्र कायदाही १९५९ चाच. त्याआधीचा १८७८ चा कायदा परकीय सरकारने प्रजेला निःशस्त्र करण्यासाठी केला होता आणि गोऱ्यांना त्यातून सूट होती. स्वतंत्र भारताच्या कायद्याने शस्त्र आणि अवजार यांत फरक केला. १९६२ च्या नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत आले, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळले गेले. बकरी ईदला खाटकाच्या हातात दिसणारा लांब सुरा आणि गुंडाच्या कमरेचा सुरा मापाने सारखे असतील, कायद्याच्या नजरेत ते एक नाहीत. कायदा विचारतो तो बनवण्याचा उद्देश.

कायद्याचे चौथे कलम सरकारला विशिष्ट प्रदेशात अशा शस्त्रांवर निर्बंध घालू देते. दिल्लीत २९ ऑक्टोबर १९८० च्या अधिसूचनेने गरारीदार, बटणदार आणि यंत्राने उघडणारे इतर चाकू नाव घेऊन गोवले. मर्यादा ठेवली पात्याची लांबी ७.६२ सेंटिमीटर आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर. त्या अधिसूचनेखाली असंख्य तरुण पकडले गेले. २०२५ मध्ये अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. ही मनाई विक्रीसाठी वा चाचणीसाठी चाकू बाळगण्याला लागू होती आणि आरोपपत्रात तसा आरोपच नव्हता. अधिसूचना नीट वाचायला पंचेचाळीस वर्षे लागली, असेच म्हणायचे.

आमच्या वाचकांना याहून जवळचे आहे ते महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे ३७ वे कलम. सण, निवडणूक वा तणावाच्या काळात पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढतात. तो लागू असताना सुऱ्याच काय, काठी घेऊन फिरणेही गुन्हा ठरू शकते आणि १३५ व्या कलमाखाली शिक्षा होते. चाकू छंद म्हणून जमवला होता, ही सबब रस्त्यावर चालत नाही. मोहल्ल्यातल्या पोरांना हे वेळीच सांगितले पाहिजे. पडद्यावरचा खटका ऐकून खिशात चाकू घालणाऱ्या मुलाचे आयुष्य कचेरीच्या पायऱ्यांवर जाते, आणि तो चाकू चालला तर कुणाचे तरी घर उजाड होते. त्या हत्याराचे कौतुक आम्हाला करायचे नाही.

कौतुक करायचे ते हाताचे. नव्वदीच्या दशकात उत्तर प्रदेश शासनाने साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी घातली आणि रामपूरच्या चाकू बाजारातली दुकाने एकेक करून मिटत गेली. बापाचे कसब मुलाने घेतले नाही. मग मार्च २०२३ मध्ये त्याच शहरात 'चाकू चौक' उभारला गेला. तिथे सुमारे वीस फूट लांबीचा रामपुरी उभा आहे. ज्या चाकूच्या मापावर बंदी आली त्याचेच एवढे मोठे स्मारक! कारागिराच्या भट्टीत मात्र त्याने विस्तव पेटत नाही. स्वयंपाकघरातली सुरी, बागकामाची कात्री, शल्यक्रियेची अवजारे यांनाही तेच पाणी आणि तीच धार लागते, आणि त्यांना कायद्याची आडकाठी नाही. शासनाने आणि समाजातल्या चार पैसेवाल्यांनी तिकडे लक्ष दिले तर ते हात वाचतील. हात वाचले तर रामपूरचे नाव घेताना मुंबईकरालाही हस्तलिखिते आणि वझीरखाँची बीन आठवेल.