गोठवलेले भ्रूण व सरोगसी (ओमान)
दाम्पत्याच्या बीजांपासून प्रयोगशाळेत तयार केलेला भ्रूण उणे १९६° से. तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपून ठेवायचा व पुढे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढवायचा, अशी ही पद्धत आहे. अपत्यप्राप्तीत पती-पत्नींखेरीज तिसऱ्याचा सहभाग बहुतांश इस्लामी धर्मशास्त्रज्ञांना मान्य नसल्याने ओमानमध्ये सरोगसीला वाव नाही. मस्कतमधील मराठी जोडप्यांना त्यासाठी भारतासारख्या अन्य देशाकडे वळावे लागते. भारतात २०२१ च्या कायद्याने (अंमल २५ जानेवारी २०२२) केवळ विनामोबदला सरोगसीला, तीही वैद्यकीय निकड असल्यास, परवानगी आहे. स्वतःचे भ्रूण भारताबाहेर नेण्यास सरोगसीविषयक राष्ट्रीय मंडळाची संमती लागते. पत्नीचे वय २३ ते ५० व पतीचे २६ ते ५५ असावे, ही अट मात्र अंमलापूर्वीच भ्रूण गोठवलेल्या जोडप्यांना लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला. अर्ध्या वाटेवर अडकलेल्यांना न्याय देणारा हा निर्णय महत्त्वाचा आहे.