दमदमची गोळी आणि हरणाची शिकार

कोलकात्याच्या विमानतळामुळे आज परिचित असलेल्या दमदमचे नाव एकेकाळी जगभर पोहोचले, ते तेथील शस्त्रागारात घडलेल्या एका गोळीमुळे.

1890 च्या दशकात ब्रिटिश फौजेने मार्टिनी-हेन्री रायफल सोडून .303 कॅलिबरची ली-मेटफर्ड स्वीकारली होती. जुनी गोळी शिशाची, सुमारे 11.4 मिलिमीटर जाड, 31 ग्रॅम वजनाची. वेग सेकंदाला सुमारे 410 मीटर. नवी सुमारे 7.7 मिलिमीटर कॅलिबरची, 14 ग्रॅमची, कठीण धातूच्या कवचाची; वेग 600 मीटरच्या आसपास. गतिज ऊर्जेचे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. पहिलीची ऊर्जा सुमारे 2600 ज्यूल, दुसरीची 2500. म्हणजे जवळजवळ सारखीच! तरीही 1895 च्या चित्राल मोहिमेत तक्रार झाली, की नवी गोळी आरपार जाते आणि चाल करून येणारा माणूस थांबत नाही.

गोळीपाशी ऊर्जा किती आहे, यापेक्षा ती शरीरात किती सोडते हे निर्णायक असते. ऊतींचा विरोध गोळीच्या छेदक्षेत्रफळावर अवलंबून असतो. दमदमच्या कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी कवचाचे टोक उघडे ठेवले. आतले मऊ शिसे आदळताच पसरू लागले. व्यास दुप्पट झाला, की छेदक्षेत्र चौपट होते. कल्पना अगदी नवी नव्हती; शिकारी पोकळ टोकाच्या गोळ्या आधीपासून वापरत होतेच.

1899 च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. गंमत अशी, की हरणांच्या शिकारीत त्याच सक्तीच्या झाल्या. इंग्लंड व वेल्सचा 1991 चा हरीणविषयक कायदा किमान .240 इंच कॅलिबर, नळीच्या तोंडाशी किमान 2305 ज्यूल ऊर्जा आणि मऊ किंवा पोकळ टोकाची गोळी मागतो (लहान जातींसाठी पुढे सवलत आली). याला दुटप्पीपणा म्हणण्याचा मोह होतो, पण तो नाही. जखमी सैनिकाला इस्पितळ असते. आरपार गोळी लागलेले हरीण झाडीत शिरून तासन्‌तास तडफडते. मात्र कायद्यातले ज्यूल नळीच्या तोंडाशी मोजलेले आहेत, हरणापाशी नव्हेत, हे भौतिकशास्त्राच्या माणसाला खटकल्याशिवाय राहत नाही.

भारतात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1991 ची दुरुस्ती यांनी हौशी शिकारीचा प्रश्नच मिटवला. अन्यत्र तो पुन्हा उघडला आहे. पसरणाऱ्या शिशाचे सूक्ष्म कण मांसात विखुरतात, आणि शिकाऱ्यांनी मागे टाकलेले अवशेष खाऊन कॅलिफोर्नियातील कोंडॉर गिधाडांना विषबाधा होत असे. 1 जुलै 2019 पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. पर्याय तांब्याचा. पण शिशाची घनता 11.3, तांब्याची 8.96, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, तिला स्थिर ठेवायला नळीतील पीळ अधिक घट्ट लागतो, आणि तांबे शिशापेक्षा कठीण असल्याने पसरण्यासाठी वेगही जास्त हवा. त्यामुळे तेथील शिकारी आता हलकी, वेगवान गोळी निवडू लागले आहेत.