खडीच्या वाटेची सायकल

बैलगाडीने रस्त्याची तक्रार कधी केली नाही. जिथून तिची चाके गेली तिथे चाकोरी पडली, आणि चाकोरी हाच रस्ता झाला. सायकलीचे तसे नाही. ती जन्मली तीच नाजूक प्रकृती घेऊन. वाट गुळगुळीत असली की वाऱ्याशी गप्पा मारील. दोन दगड आडवे आले, थोडी वाळू लागली, की लगेच रुसून बसेल. या रुसणाऱ्या वाहनाला खडी, माती, मुरूम आणि डांबर अशा सगळ्या वाटांवर नांदायला कसे शिकवले, त्याची ही कथा आहे.

गेल्या वीसएक वर्षांत 'ग्रॅव्हल बाइक' या नावाची सायकल बाजारात आली. ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलीसारखे वाकडे हँडल, पण टायर रुंद. अंग हलके, पण चढावर उपयोगी पडतील असे गिअर. दुकानदार तिला नवी जात म्हणतात. परंतु घराण्याचा शोध घेऊ लागलो तर ती नवी नव्हे, हरवून पुन्हा सापडलेली ठरते.

इंग्लंडात १८८५ साली स्टार्लीने सारख्या उंचीच्या दोन चाकांची 'रोव्हर' सायकल केली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी सहज काढता-घालता येणारा टायर आणला. या तीन गोष्टी जुळल्या आणि आजची सायकल उभी राहिली. त्या काळी गावाबाहेरच्या रस्त्यांवर डांबर दुर्मिळच होते. म्हणजे खडीची सायकल अशी निराळी नव्हतीच. जी सायकल होती तिला खडीवरूनच जावे लागे. पुढे डांबर आले, तसे टायर बारीक होत गेले आणि सायकल खडीची वाट विसरली.

ती वाट विसरू नये म्हणून आयुष्यभर झटलेला एक गृहस्थ फ्रान्समधील सेंत एत्येन या गावी होऊन गेला. त्याचे नाव पॉल द व्हिव्ही. जन्म १८५३ चा, धंदा रेशमाचा. सायकलीचे वेड लागले आणि १८८७ च्या सुमारास त्याने रेशमाचा व्यवहार सोडून सायकलीचे दुकान घातले, 'सायकलिस्ट' या अर्थाच्या नावाचे मासिक काढले आणि त्यात 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहू लागला. सेंत एत्येन डोंगरांच्या कुशीत वसलेले. घरातून निघून चार मैल गेले की चढ. तेव्हाच्या सायकलीला एकच गिअर. सपाटीला योग्य असलेला गिअर चढाला जड होई, आणि चढाला हलका असलेला सपाटीवर नुसते पाय भिरभिरवी.

व्हेलोसिओने सायकलीला दोन दातेरी चक्रे लावली आणि साखळी हाताने एकीवरून दुसरीवर टाकायची सोय केली. पुढे दोनाचे चार गिअर झाले. हे गिअर म्हणजे काय, ते घरच्या मुलांनाही समजेल असे आहे. पुढच्या चक्राला चाळीस दाते आणि मागच्यालाही चाळीस असले, तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो आणि सायकल सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. मागे अकरा दाते असले, तर त्याच एका फेऱ्यात ती सुमारे आठ मीटर धावते. पहिला गिअर चढाचा, दुसरा उताराचा. डोंगर चढण्याचे काम काही कमी होत नाही. मात्र एकदम मोठी रक्कम भरण्याऐवजी ते हप्त्याहप्त्याने फेडता येते.

व्हेलोसिओचा दुसरा आग्रह रुंद टायरचा. बारीक, कडक टायर दगडावर आला की सायकल आणि स्वार दोघांनाही उचलून आपटतो. प्रत्येक धक्क्यात पायांची मेहनत वाया जाते. रुंद टायर कमी हवेचा असल्यामुळे दगड स्वतःच्या पोटात घेतो आणि पुढे सरकतो. खडबडीत वाटेवर मऊपणा हाच वेग असतो. हे त्या काळच्या शर्यतवाल्यांना पटत नव्हते.

शर्यतवाल्यांचे पुढारी होते आंरी देग्रांज. फ्रान्सची सुप्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' शर्यत १९०३ साली त्यांनीच सुरू केली. तिच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९०२ मध्ये, फ्रान्सच्या टूरिंग क्लबाने पिरेनीज पर्वतातल्या तूरमाले घाटात सायकलींची परीक्षा घेतली. हा घाट समुद्रसपाटीपासून २,११५ मीटर उंच. मार्त हेस नावाची एक स्त्री गिअर बदलणाऱ्या सायकलीवरून त्या परीक्षेत उतरली आणि जमिनीला पाय न टेकवता तिने घाट चढून दाखवला. एवढ्यावर वाद मिटायला हरकत नव्हती. परंतु देग्रांज यांनी लिहिले की, असले बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्या लोकांसाठी ठीक. खऱ्या वीराने दंडाच्या आणि मांडीच्या बळावरच जिंकावे. आणि त्यांच्या शर्यतीत साखळी सरकवणाऱ्या गिअरला १९३७ सालापर्यंत मुख्य स्पर्धकांत प्रवेश मिळाला नाही. तोपर्यंत घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचे चाक काढायचे, उलटे फिरवून दुसऱ्या बाजूच्या चक्रावर साखळी चढवायची आणि मग पुढे निघायचे, असा प्रकार चाले.

नियमही मोठे कडक. १९१३ च्या शर्यतीत याच तूरमाले घाटाच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफ या स्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो मैलोगणती चालला, एका खेड्यातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतः लोखंड तापवून त्याने तो जोडला. कोणाची मदत घ्यायची नाही, असा नियम. शर्यतीचा अधिकारी शेजारी उभा. भाता हलवायला एका पोराने हात लावला, तेवढ्यावरून क्रिस्तोफला दंड झाला. वीरत्वाची ही तऱ्हा पाहून टाळ्या वाजवाव्यात की डोक्याला हात लावावा, हे वाचकांनीच ठरवावे.

मला मात्र देग्रांज यांचा टोमणा फार मोलाचा वाटतो. पंचेचाळिशी उलटलेले लोक! व्हेलोसिओ तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. त्याला कोणाला हरवायचे नव्हते. त्याला डोंगरापलीकडे काय आहे ते पाहून यायचे होते, आणि आपल्यासारख्या साध्या माणसालाही ते पाहता यावे अशी त्याची इच्छा होती. शर्यत थोड्यांची असते. रस्ता सर्वांचा असतो. ज्याला हिणवले ते वाहनच पुढे बहुजनांचे झाले, आणि शेवटी शर्यतवाल्यांनाही ते पत्करावे लागले.

खडीची ओढ मात्र अधूनमधून उफाळतच राहिली. १९५५ मध्ये इंग्लंडात खडबडीत पायवाटांवरून सायकल हाकणाऱ्यांची 'रफ स्टफ फेलोशिप' निघाली. अमेरिकेत कॅन्सस परगण्यातल्या 'फ्लिंट हिल्स' या टेकड्यांत मैलच्या मैल कच्चे रस्ते आहेत. फ्लिंट म्हणजे चकमकीचा दगड. त्याच्या धारेने टायर चिरतात. तिथे २००६ साली दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली. तशा शर्यती वाढल्या, कारखानदारांनी कान टवकारले, आणि २०२२ मध्ये इटलीत खडीवरच्या सायकलींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. व्हेलोसिओचे शहाणपण शंभर वर्षांनी दुकानात मांडले गेले.

आता कोणी अशी सायकल घेऊ म्हणेल, तर या इतिहासातून काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे जे नंतर बदलता येत नाही ते आधी पाहावे. बसण्याची गादी बदलता येते, हँडल बदलता येते, टायर आणि मागची चक्रेही बदलता येतात. सांगाडा बदलता येत नाही. तो आपल्या उंचीला बेताचा हवा, आणि त्याच्या चिमट्यांत रुंद टायर मावेल एवढी जागा हवी. शर्यतीच्या सायकलीला पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचा टायर चालतो. खडीला चाळीस ते पन्नास. जुने ब्रेक टायरला कवळ घालून बसत, म्हणून रुंदीला मर्यादा पडे. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्याशी आले आणि ती अडचण दूर झाली. टायरमध्ये हवा शर्यतीसाठी शंभर पौंडांपर्यंत भरत. खडीवर स्वाराच्या वजनाप्रमाणे तीस-चाळीस पौंड पुष्कळ होतात. काहीजण ट्यूबच काढून टाकतात आणि आत एक पातळ द्रव घालतात. काटा रुतला तर तोच भोक बुजवतो.

दुसरी गोष्ट गिअरची. तिथे शरम नको. सर्वांत सोपा गिअर निदान बरोबरीचा, म्हणजे पुढे जितके दाते तितकेच मागे, असावा. सामान लादायचे असेल तर त्याहूनही सोपा. आणि तिसरी, सायकल घेण्याआधी आपली वाट मोजावी. दहा मैलांत आठ मैल डांबर असेल तर टायर मध्यम रुंदीचा, गुळगुळीत पाठीचा; आठ मैल दगडमाती असेल तर रुंद आणि खाचांचा. दुसऱ्याच्या वाटेची सायकल आपल्या दारात शोभेल, चालेलच असे नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या सोयी कशाला? १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, त्यांतले हकीम, बापासोला आणि भूमगारा हे तिघे वाळवंटे आणि डोंगर ओलांडून १९२८ मध्ये परत आले. त्यांच्यापाशी कोठे होते डिस्क ब्रेक? खरे आहे. पण त्यांच्यापाशी साडेचार वर्षे होती, आणि तरुण पाय होते. ज्याच्यापाशी रविवारची एक सकाळ आहे आणि गुडघे पन्नाशीचे आहेत, त्याने सोयीला नावे ठेवू नयेत.

व्हेलोसिओ १९३० साली गेला. सेंत एत्येनच्या रस्त्यात सायकल हाती धरून चालत असता ट्रॅमचा धक्का लागला. गावाबाहेरच्या रिपब्लिक खिंडीत, ११६१ मीटर उंचीवर, त्याचे स्मारक आहे. देग्रांज यांची १९०३ ची पहिली शर्यत याच खिंडीतून गेली होती. त्याच्या नावाने सायकलस्वार तो चढ चढत आले आहेत. त्यांत तरुण असतात तसे पिकल्या केसांचेही असतात, आणि त्या सगळ्यांच्या मागच्या चाकावर देग्रांज यांनी हिणवलेली ती चक्रे फिरत असतात.