बोट, एसटी, रेल्वे आणि आपले गाव

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची यादी संगणकावर घेण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले. त्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर चाळले, तेव्हा ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात एक शब्द पुन्हा पुन्हा भेटला : मुंबई. राजापूर तालुक्यातल्या आपल्या एवढ्याशा गावातून माणसे का गेली, हे आपण सगळे जाणतो. ती कोणत्या वाटेने गेली आणि त्या वाटेने गावाचे काय केले, ते इथे मांडते.

पहिली वाट पाण्याची. 1850 च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि रत्नागिरी जिल्हा त्यांना माणसे पुरवू लागला. डोंगरउताराची वरकस जमीन, पावसावरचे एकच पीक, भावाभावांत वाटलेले तुकडे. घरातल्या एकाने तरी बाहेर पडणे भागच होते. गावातून चालत खाडीपर्यंत, होडीने जैतापूर, पडावातून आगबोटीवर, की मग मुंबईचा धक्का. पावसाळ्यात बोटी बंद. बोटीने जाई तो बहुधा एकटा पुरुष. गिरणगावातल्या एका खोलीत अनेकजण पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि गावी मनिऑर्डर पाठवत. मागे शेती ओढली ती बायकांनी. त्याची खूण अजून दिसते : 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, राज्यात 929.

दुसरी वाट एसटीची. 1 जून 1948 रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. आपल्यापर्यंत यायला तिला बराच काळ लागला, कारण आधी साकवाच्या जागी पूल हवा, मग रस्ता. पण ती आली आणि हायस्कूल जवळ आले. माझ्या आईची शाळा सातवीला सुटली, कारण पुढचा वर्ग दोन डोंगर पलीकडे होता आणि पावसाळ्यात मधला वहाळ उतरू देत नसे. मी मात्र लांबच्या वाडीतून रोज एसटीने या शाळेत आले. आपल्यापैकी कितीजणी त्याच गाडीत होत्या, ते तुम्हाला आठवत असेल.

त्याच रस्त्याने पुढे बिऱ्हाडेही गेली. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा काही माणसे गावी परतली. पण दहावी झालेली पुढची पिढी पुन्हा मुंबईकडेच निघाली, आणि या वेळी बायकामुलांसह.

तिसरी वाट रुळांची. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. आता गाव भरेल, असे तेव्हा घरोघरी बोलले जाई. जनगणना वेगळे सांगते. जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. म्हणजे रेल्वे आल्यावरही 81 हजारांहून अधिक माणसे कमी झाली. रेल्वेने गणपती आणि शिमग्याला घरे उघडली, पण वर्षभर चूल पेटती ठेवणे तिच्या हाती नव्हते. रस्ता माणसाला नेतोही आणि आणतोही. तो कुठे राहणार हे कामधंदा ठरवतो.

याचा आपल्या शाळेशी थेट संबंध आहे. पट घटला की एसटीचे पासवाले घटतात. गाडी रिकामी दिसू लागली की फेरीवर गदा येते. फेरी गेली की लांबच्या वाडीतली मुलगी सर्वांत आधी घरी बसते, आणि पट आणखी घटतो. हे चक्र कुठेतरी तोडावे लागेल.

म्हणून एक सुचवते. मेळाव्याचा निधी इमारतीच्या रंगकामाला लावण्याआधी, लांबच्या वाड्यांतल्या मुलांसाठी एक गाडी चालवता येईल का, यावर त्या दिवशी अर्धा तास बोलू या. आपल्याला शाळेपर्यंत कोणीतरी आणले होते. आता ती पाळी आपली.