चार दिवसांचा आठवडा व रविवारचा पूर्वेतिहास

आठवड्यांतून चारच दिवस काम करावें व तीन दिवस मोकळे ठेवावे, ही कल्पना अलीकडे सुशिक्षित वर्गांत मोठ्या उत्साहानें बोलली जाते. कल्पना आकर्षक आहे यांत संशय नाहीं. परंतु एकाच नांवाखालीं दोन अगदीं भिन्न गोष्टी वावरत आहेत, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. पहिल्या प्रकारांत एका दिवसाचें काम खरोखरीच कमी होतें व वेतन पूर्वीइतकेंच राहतें. दुसऱ्या प्रकारांत काम तेवढेंच राहतें. पांच किंवा सहा दिवसांचे तास चार दिवसांत दाटून बसविले जातात. पहिल्यास कामाची कपात म्हणावें व दुसऱ्यास कामाची दाटणी. या दाटणीविषयीं आम्हांस येथें चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि त्यासाठीं थोडें मागें, मुंबईच्या गिरण्यांच्या आवारांत, जावें लागेल.

वारावर बांधलेली सुटी ही आमच्या समाजाची जुनी चाल नव्हे. पाठशाळांतून अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या व पौर्णिमा हे अनध्यायाचे दिवस असत. शेतकऱ्यास व कारागिरास सण, जत्रा, आठवड्याचा बाजार आणि सुगीनंतरचे मोकळे दिवस हा विसावा असे. पेरणीच्या दिवसांत पहांटेपासून काळोख पडेपर्यंत राबणारा कुणबी सुगी संपल्यावर कांहीं काळ तरी पाय पसरूं शके. या सर्व व्यवस्थेचें गणित तिथीवर व ऋतूवर बसविलेलें होतें. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापडगिरणीची कंपनी उभारली व पुढें गिरण्यांची रांग लागली, तेव्हां हें गणित मोडलें. यंत्रास तिथि नाहीं आणि ऋतुहि नाहीं. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत भोंग्याच्या हुकमतींत राहणें, हेंच कोंकणांतून व घाटावरून आलेल्या हजारों कुटुंबांचें जीवन झालें.

१८८१ चा पहिला कारखान्यांचा कायदा केवळ मुलांपुरता होता. सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसांतून नऊ तासांहून अधिक राबवूं नये व महिन्यांतून चार सुट्या द्याव्या, एवढाच त्याचा आवांका. प्रौढ मजुराविषयीं कायदा मुका होता. त्या मजुरांची बाजू मांडण्यास जे गृहस्थ पुढें आले, ते जोतीराव फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. सप्टेंबर १८८४ मध्यें मजुरांच्या सभा भरवून त्यांनीं सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. त्यांतील मागण्या आज वाचल्या असतां त्यांचा साधेपणाच मनास लागतो: रविवारीं सुटी असावी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति मिळावी, काम सकाळीं साडेसहा वाजतां सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत हातीं यावा. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मी येथें सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली व तींत दोन स्त्रियांनींहि भाषणें केलीं. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. आज आमच्या वाचकांपैकीं ज्यांस रविवार हा पंचांगाबरोबरच निर्माण झाला असें वाटत असेल, त्यांनीं ही तारीख ध्यानांत ठेवावी.

त्या वेळीं सुशिक्षितांचें मत काय होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. 'केसरी'सारख्या पत्रांनीं कारखान्यांच्या कायद्यास विरोध केला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस मुंबईची स्पर्धा नको होती व त्यासाठींच हा कळवळा आहे, असा त्यांचा संशय होता; आणि तो निराधार नव्हता. परंतु लँकेशायरचा हेतु शुद्ध नव्हता म्हणून मुंबईच्या मजुराची पाठ दुखत नव्हती असें होत नाहीं. देशी उद्योगाचें हित व त्या उद्योगांत राबणाऱ्याचें हित या दोन गोष्टी आम्हीं सुशिक्षितांनीं एकच मानल्या, आणि ती संवय अजून गेलेली नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. लोखंडे यांच्या अर्जांत रविवार व सूर्यास्त या दोन निरनिराळ्या मागण्या होत्या. पहिली पदरांत पडली. १८९१ च्या कायद्यानें आठवड्याची सुटी सर्वांस लागू झाली, स्त्रियांस अकरा तासांची व मुलांस सात तासांची मर्यादा मिळाली. परंतु प्रौढ पुरुषाच्या दिवसास कांहींच मर्यादा नव्हती. सूर्य मावळतो हाच काय तो त्याचा कायदा. पुढें १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तो कायदाहि रद्द झाला. तेजीच्या दिवसांत काम चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबूं लागलें. म्हणजे रविवार कायम राहिला व बाकीचे सहा दिवस फुगले. आठवड्यास कुंपण घालून दिवस मोकळा सोडला म्हणजे काय होतें, याचा हा आमच्याच शहरांतील अनुभव आहे.

तें दुसरें कुंपण घालण्यास पुढें पुष्कळ वर्षें लागलीं. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांस दिवसाचे बारा तास ही मर्यादा घातली. १९२२ मध्यें दिवसाचे अकरा व आठवड्याचे साठ, १९३४ मध्यें बारमाही कारखान्यांत दहा व चोपन्न, आणि डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असतां ज्याचें विधेयक आलें त्या १९४६ च्या दुरुस्तीनें नऊ व अठ्ठेचाळीस, असा हा उतरता क्रम आहे. १९४८ च्या कायद्यानें हेच शेवटचे आंकडे कायम केले. प्रत्येक पायरीवर दिवस व आठवडा या दोहोंसहि माप लावलेलें आहे, ही गोष्ट वाचकांनीं विसरूं नये.

परदेशांतहि हाच भेद दिसतो. अमेरिकेंत हेन्री फोर्ड यांनीं १९२६ सालीं आपल्या कारखान्यांत पांच दिवसांचा आठवडा सुरू केला. परंतु दिवस आठ तासांचाच ठेवला व शनिवार सरळ कापला. ती कपात होती. दाटणीची कल्पना तेथें १९७० च्या सुमारास पुढें आली. रिवा पुअर या बाईंनीं संपादिलेल्या 'चार दिवस, चाळीस तास' या पुस्तकाच्या नांवांतच तिचा हिशेब आहे. यूटा राज्य सरकारनें ऑगस्ट २००८ मध्यें दहा तासांचे चार दिवस ठरवून शुक्रवारीं कचेऱ्या बंद ठेविल्या. कांहीं नोकरांस तें आवडलें; पण कचेरीचीं दारें बंद पाहून परतणाऱ्या नागरिकांच्या तक्रारी वाढल्या, विजेची बचत अपेक्षेइतकी झाली नाहीं, आणि २०११ मध्यें जुना क्रम परत आला. बेल्जममध्यें २०२२ पासून नोकरानें स्वतः मागितल्यास पूर्ण काम चार दिवसांत करण्याची मुभा आहे. उलट त्याच वर्षीं ब्रिटनमध्यें ६१ संस्थांनीं सहा महिने जो प्रयोग केला, तो वेतन न कापतां काम घटविण्याचा होता. या दोन जातींचे निष्कर्ष एकमेकांच्या समर्थनार्थ वापरणें शास्त्रशुद्ध नव्हे.

आमच्याकडे महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पांच दिवसांचा आठवडा आला व त्यासाठीं रोजच्या कामांत पाऊण तासाची भर पडली. एवढी दाटणी कोणासहि सोसेल. परंतु २०२१ सालीं केंद्रीय श्रम मंत्रालयाकडून बारा तासांचे चार दिवस शक्य होतील असें सुचविण्यांत आलें, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नवांवरून बारांवर नेण्यास मान्यता दिली. बारा हा आंकडा आम्हांस ओळखीचा आहे. तो १९११ चा आहे.

दाटणींत लाभ मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. कर्जत-कसाऱ्याहून रोज मुंबईस येणाऱ्या मनुष्याचा गाडींतील एक-दोन दिवसांचा प्रवास वांचला, तर तो खरोखरीचा लाभ आहे. परंतु उरलेल्या चार दिवशीं बारा तास यंत्रापुढें उभें राहून, वर तीन तास गाडींत काढून, तो घरीं येणार केव्हां व निजणार केव्हां? शरीराचा थकवा दिवसागणिक फेडावा लागतो. आणि घरांतील स्त्री नोकरी करीत असेल, तर मंगळवारच्या संध्याकाळची चूल तिला शुक्रवारीं पेटवितां येत नाहीं.

म्हणून ज्यास हें वेळापत्रक नको असेल त्यास नाहीं म्हणतां येईल काय, आणि मोकळा म्हणून दिलेला दिवस जादा कामानें पुन्हां भरला जाणार नाहीं याची हमी कोण देईल, या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून कोणत्याहि योजनेस आम्ही मान डोलावणार नाहीं. मुंबईच्या गिरण्या बंद असत त्या दिवशींहि पूर्वीं मजुरांस यंत्रें पुसण्यास बोलावीत. सुटी नांवाची असे व काम खरें असे. तिसऱ्या सुटीचें स्वप्न रंगविण्यापूर्वीं वाचकांनीं आपल्या घरीं रोज भांडीं घासावयास येणाऱ्या बाईस पहिली तरी सुटी मिळते काय, हें एकदां पाहावें. लोखंडे यांनीं १८८४ सालीं मागितलेला रविवार तिच्यापर्यंत अजून पोंचावयाचा असेल, तर तो पोंचविण्यास कोणत्याहि कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.