दोन कॅमेरे

२००४ सालीं एप्सन कंपनीचा आर-डी१ हा अंतरमापक पद्धतीचा पहिला डिजिटल कॅमेरा निघाला. त्यांत फिल्म नव्हती. तरीहि प्रत्येक चित्रापूर्वीं अंगठ्यानें तरफ ओढून शटर सज्ज करावें लागे, आणि दर्शकांतील दोन प्रतिमा हातानें जुळवून चित्र स्पष्ट करावें लागे.

२००६ सालीं पॅनासोनिकचा टीझेड१ आला. दहापट झूमचा हा कॅमेरा खिशांत मावे व दूरचें शिखर बोटाच्या दाबासरशीं जवळ आणी. परंतु या सोयीसाठीं प्रकाशग्राही पटल करंगळीच्या नखाहूनहि लहान ठेवावें लागलें. साहजिकच मंद प्रकाशांत चित्र दाणेदार होई. आर-डी१चें पटल क्षेत्रफळानें सुमारें पंधरापट मोठें. पण दूरची वस्तु हवी तर छायाचित्रकारानें पुढें जावें किंवा भिंग बदलावें.

नव्यानें जुन्यास सर्वस्वीं मागें टाकलें, असें म्हणूनच म्हणतां येत नाहीं. प्रत्येक सोयीची किंमत कोठें तरी मोजलेली असते.