मेलेल्या कंपनीचे मोल : खेळत्या भांडवलाच्या मोजपट्टीचा इतिहास

१/ ३ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर होता. ८ जुलै १९३२ रोजी तो ४१ वर आला. या पडझडीत होरपळलेल्यांपैकी एक होते बेंजामिन ग्रॅहॅम. त्यांच्या व्यवस्थापनाखालील सुमारे २५ लाख डॉलरच्या निधीतील जवळजवळ ७० टक्के रक्कम चार वर्षांत नाहीशी झाली.

२/ भावी नफ्याचे सारे अंदाज फोल ठरले होते. कोलंबिया विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या ग्रॅहॅम यांनी तेव्हा एक रोकडा प्रश्न विचारला : कंपनी उद्याच गुंडाळली, तर देणेकऱ्यांचे पैसे चुकते करून भागधारकाच्या पदरात काय पडेल?

३/ उत्तरासाठी ते खेळत्या भांडवलाकडे वळले. रोकड, विक्रीयोग्य रोखे, गिऱ्हाइकांकडून येणे असलेली रक्कम आणि गोदामातील माल ही झाली चालू मालमत्ता. त्यातून वर्षभरात फेडायची देणी वजा केली की उरते ते खेळते भांडवल. कारखान्याचे रोजचे रहाटगाडगे चालते ते याच पैशावर.

४/ ग्रॅहॅम यांनी हिशेब अधिक कडक केला. चालू मालमत्तेतून केवळ नजीकचीच नव्हे, तर दीर्घ मुदतीची कर्जेही वजा केली. जमीन, इमारती व यंत्रे यांचे मोल शून्य धरले. एवढे करूनही उरलेली रक्कम समभागांच्या एकूण बाजारभावाहून अधिक निघाली, तर याचा अर्थ बाजार सारा कारखाना फुकट देऊ करीत होता!

५/ अशा कंपन्या किती असाव्यात? १९३२ मध्ये 'फोर्ब्स' नियतकालिकातील लेखमालेत ग्रॅहॅम यांनी आकडे मांडले. तपासलेल्या सुमारे ६०० औद्योगिक कंपन्यांपैकी २०० हून अधिक या मोलाखाली विकल्या जात होत्या. ५० हून अधिक कंपन्यांचा भाव तर त्यांच्याजवळच्या रोकड व रोख्यांहूनही कमी होता. अमेरिकी उद्योग जिवंतपणापेक्षा मेल्यावर अधिक मोलाचा आहे काय, हा त्या लेखमालेचा सवाल होता.

६/ १९३४ मध्ये डेव्हिड डॉड यांच्यासह लिहिलेल्या 'सिक्युरिटी ॲनालिसिस' या ग्रंथाने या विचाराला शास्त्राची बैठक दिली. १९३६ मध्ये ग्रॅहॅम व जेरोम न्यूमन यांनी 'ग्रॅहॅम-न्यूमन कॉर्पोरेशन' ही गुंतवणूक कंपनी स्थापन केली. मोजपट्टी आता निधीच्या कारभारात उतरली. नियम सोपा होता : निव्वळ चालू मालमत्तेच्या दोन-तृतीयांश किंवा त्याहून कमी भावात खरेदी करावी.

७/ समजा, सर्व देणी वजा जाता एका समभागामागे ३० रुपये उरतात. मग २० रुपयांपर्यंतच तो घ्यायचा. मधले १० रुपये चुकीसाठी राखून ठेवलेले. कारण माल कधी पडून राहतो, तर कधी उधारी बुडते.

८/ दुसरी अट तितकीच महत्त्वाची : अशी एकच कंपनी घ्यायची नाही, अनेक घ्यायच्या. एखादी बुडणारच. मात्र समूह सहसा तरतो. म्हणजे ही मोजपट्टी मुळातच एकट्या समभागाची नव्हती. ती निधीची होती.

९/ ही अट विसरल्यास काय होते, हे ग्रॅहॅम यांच्याच शिष्याने दाखवून दिले. वॉरन बफे १९५४ ते १९५६ या काळात ग्रॅहॅम-न्यूमनमध्ये नोकरीस होते. डिसेंबर १९६२ मध्ये त्यांनी न्यू इंग्लंडमधील एका कापड कंपनीचे समभाग ७.५० डॉलरने घ्यायला सुरुवात केली. समभागामागे खेळते भांडवल होते १०.२५ डॉलर. कंपनीचे नाव बर्कशायर हॅथवे.

१०/ गणित अचूक होते, धंदा मात्र खंगत चालला होता. बफे नफा घेऊन बाहेर पडले नाहीत. १९६५ मध्ये त्यांनी कंपनीच ताब्यात घेतली आणि गिरण्यांमध्ये पैसा अडकून पडला. अखेर १९८५ मध्ये कापडाचा व्यवसाय बंद करावा लागला. ही खरेदी मोठी चूक होती, अशी कबुली पुढे बफे यांनीच दिली.

११/ ताळेबंद हे एका दिवसाचे छायाचित्र असते. तोट्यातली कंपनी तेच खेळते भांडवल दर तिमाहीस खात असते. त्यामुळे आजचा आकडा पाहताना गेल्या चार-पाच वर्षांत तो वाढला की आटला, हेही पाहावे लागते. विक्री जागच्या जागी असताना साठा व उधारी फुगत असेल, तर वाढते खेळते भांडवलही धोक्याची घंटा ठरते.

१२/ म्युच्युअल फंडाच्या युनिटमूल्यात यातले काहीच दिसत नाही. ते दिसते फंडाने घेतलेल्या कंपन्यांच्या ताळेबंदांत. भारतातील फंडांना आपल्या गुंतवणुकीची यादी दरमहा जाहीर करावी लागते. बँका व वित्तसंस्था तेवढ्या वगळाव्यात, कारण त्यांना ही मोजपट्टी लागू पडत नाही. उरलेल्यांना मात्र ग्रॅहॅम यांचा १९३२ चा प्रश्न आजही विचारता येतो : सगळ्यांची देणी दिल्यावर उरते काय, आणि त्यासाठी फंडाने मोजले किती?